अमेरिकेतले लॅटिनो आणि समाजमाध्यमं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक निवडणुका, सीमेवरची भिंत किंवा संगीत यांच्या बातम्यांतून. हा समाज रोज एकमेकांशी बोलतो कुठे, माहिती मिळवतो कुठून, आपली बाजू मांडतो कशी, हे त्यात क्वचितच येतं. मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. ज्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला सरकार, मोठी वर्तमानपत्रं किंवा कंपन्या फारशा आल्या नाहीत, त्यांनी हातातल्या फोनवर आपली व्यवस्था आपणच उभी केली. पत्रकारितेचे विद्यार्थी आणि अमेरिकेत राहणारे मराठी मित्र जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

लॅटिनो म्हणजे नेमके कोण?

मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिका, कॅरिबियनमधली स्पॅनिशभाषक बेटं इथे ज्यांची मुळं आहेत असे अमेरिकेत राहणारे लोक. २०२०च्या जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. २०१० मध्ये ती साधारण ५ कोटी ५ लाख होती. आज दर पाच अमेरिकनांमागे जवळपास एक लॅटिनो आहे आणि त्यातले सुमारे ६० टक्के मेक्सिकन वंशाचे आहेत. पण लॉस एंजेलिसमधलं मेक्सिकन कुटुंब, मायामीतलं क्युबन कुटुंब आणि न्यूयॉर्कमधलं डॉमिनिकन कुटुंब यांचा इतिहास, राजकारण, बोलण्याची ढब, जेवण सगळं वेगळं. प्युर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचे लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकच आहेत. एकूण लॅटिनोंपैकी दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले आहेत. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचे सगळे अंदाज चुकतात.

समाजमाध्यमांवर ते खरंच जास्त आहेत, की हा नुसता समज आहे?

खरंच जास्त आहेत, निदान काही माध्यमांवर तरी. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२३च्या पाहणीत लॅटिनो प्रौढांपैकी ५४ टक्के व्हॉट्सअ‍ॅप वापरत होते, गोऱ्या अमेरिकनांपैकी २० टक्के. टिकटॉकवर ४९ टक्के लॅटिनो होते, गोरे २८ टक्के. इन्स्टाग्रामवर ५८ आणि ४३. व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत लॅटिनोंच्या जवळ पोचणारा दुसरा गट म्हणजे आशियाई वंशाचे अमेरिकन, ५१ टक्के. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातली आपली माणसं त्यातच आली.

वयाचा भाग आहेच. लॅटिनो समाजाचं मध्यक वय तिशीच्या आसपास आहे, तर संपूर्ण अमेरिकेचं अडतिशीच्या पुढे. तरुण समाज नव्या माध्यमांवर जास्त दिसणारच. पण व्हॉट्सअ‍ॅपचं कोडं नुसत्या वयाने सुटत नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपच का?

कारण कुटुंब दोन देशांत आहे. अमेरिकेत मोबाइल कंपन्यांनी देशातल्या देशात मेसेज कधीच अमर्याद करून टाकले होते, त्यामुळे ज्याचे सगळे नातेवाईक अमेरिकेतच आहेत त्याला वेगळ्या अ‍ॅपची गरज पडली नाही. ज्याची आई मेक्सिकोतल्या मिचोआकानमध्ये किंवा एल साल्वादोरमध्ये आहे त्याचं तसं नव्हतं. तो किराणा दुकानाच्या काउंटरवरून फोनकार्ड घ्यायचा, नंबर खरवडायचा आणि शिल्लक मिनिटं मोजत बोलायचा. २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि हळूहळू ही मिनिटं मोजण्याची पाळी संपली. २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली, तोवर स्थलांतरितांच्या घरात तिचं बस्तान बसलेलं होतं.

आज त्या ग्रुपवर काय चालतं ते बघा. पैसे पाठवल्याच्या पावतीचा फोटो. भाच्याच्या पहिल्या दाताचा व्हिडिओ. लिहायला त्रास होतो म्हणून आजीने पाठवलेली चार मिनिटांची व्हॉइस नोट. मुख्यतः अमेरिकेतून मेक्सिकोला २०२४ मध्ये जवळपास ६५ अब्ज डॉलर घरी गेले. एवढ्या पैशामागे जे बोलणं, विचारणं, काळजी करणं असतं, त्यातलं बरंचसं आता या एका अ‍ॅपवर होतं.

दुसरं कारण साधनांचं. प्यूच्या २०२१च्या पाहणीत २५ टक्के लॅटिनो प्रौढांकडे स्मार्टफोन होता पण घरी ब्रॉडबँड नव्हतं. गोऱ्या अमेरिकनांत हेच प्रमाण १२ टक्के. घरात कॉम्प्युटर, वायफाय आणि स्वतंत्र टेबल नसलं की शाळेची नोटीस, नोकरीचा अर्ज, डॉक्टरची वेळ सगळं त्या हातातल्या फोनवरूनच होतं. म्हणून ‘जास्त वापर’ हा आकडा वाचताना मी नेहमी सांगतो की त्यात हौस आहे तशी अडचणही आहे.

सगळं स्पॅनिशमध्ये चालतं का?

नाही. प्यूच्या अभ्यासानुसार ५४ टक्के लॅटिनो प्रौढ बातम्या मुख्यतः इंग्रजीतून घेतात, २१ टक्के मुख्यतः स्पॅनिशमधून आणि २३ टक्के दोन्हींतून सारख्याच. बाहेरून आलेली पिढी स्पॅनिशकडे झुकते, अमेरिकेत जन्मलेली इंग्रजीकडे, आणि कुटुंबाच्या ग्रुपवर दोन्हींची सरमिसळ होते.

स्पॅनिशही ज्यांची दुसरी भाषा आहे, त्यांचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबणाऱ्यांमध्ये ओआखाका आणि गेरेरो या मेक्सिकन राज्यांतून आलेले आणि मिश्तेको, सापोतेको या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. ऑक्सनार्ड शहरात त्यांच्या संघटनेचं रेडिओ इंदिहेना नावाचं केंद्र मूळ भाषांतून कार्यक्रम करतं आणि ते इंटरनेटवरही ऐकता येतं.

फेसबुक लाइव्हचा इथे झालेला उपयोग मला फार भावतो. ओआखाकाच्या डोंगरातल्या गावाची जत्रा असते, ग्रामदैवत मानलेल्या संताची मिरवणूक निघते, बँड वाजतो, आणि कुणीतरी फोन वर धरून ते सगळं लाइव्ह दाखवतं. लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेत राहण्याच्या कायदेशीर कागदपत्रांअभावी वर्षानुवर्षं गावी जाऊ न शकलेली माणसं ते बघतात, खाली नावं लिहून एकमेकांना नमस्कार करतात, वर्गणी पाठवतात. गावकीतला आपला वाटा ते अशा प्रकारे सांभाळतात.

हे सगळं सुरू कधी झालं?

स्मार्टफोनच्या आधी. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने एक विधेयक मंजूर केलं. कागदपत्रांशिवाय देशात असणं हा त्यात फौजदारी गुन्हा ठरणार होता. त्याविरुद्ध २५ मार्च २००६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जो मोर्चा निघाला, त्यात पोलिसांच्या अंदाजाने पाच लाख माणसं होती. लोकांना बाहेर काढलं ते मुख्यतः स्पॅनिश रेडिओने. ‘एल पिओलिन’ या नावाने गाजलेले निवेदक एदुआर्दो सोतेलो आणि त्यांचे प्रतिस्पर्धी निवेदक एकत्र आले आणि सकाळच्या कार्यक्रमांतून लोकांना पांढरे कपडे घालून, शांततेने यायला सांगू लागले. पुढच्या दिवसांत शाळकरी मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांचे निरोप मायस्पेस या त्या काळच्या समाजमाध्यमावरून आणि मोबाइल मेसेजवरून फिरले होते. आईवडील रेडिओ ऐकत होते आणि मुलं मायस्पेसवर होती. एकाच घरात दोन वाटांनी एकच निरोप पोचला.

त्यानंतर आली ती ‘ड्रीमर्स’ची पिढी: लहानपणी अमेरिकेत आणलेली, तिथेच शिकलेली, पण कागद नसलेली मुलं. मार्च २०१० मध्ये शिकागोत काही तरुणांनी भर चौकात आपलं नाव आणि स्थिती जाहीर सांगितली. मग अनेकांनी तेच व्हिडिओवर केलं. ज्याला हद्दपारीची भीती आहे त्याने स्वतःचा चेहरा लपवायचा, हा तोवरचा शहाणपणा होता. या मुलांनी उलटा हिशेब मांडला: आपल्याला हजारो लोक ओळखत असतील तर आपल्याला गुपचूप उचलणं अवघड जाईल. १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने अशा तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी ‘डाका’ योजना जाहीर केली. ती योजना केवळ व्हिडिओंमुळे आली असं म्हणणं चूक ठरेल, त्यामागे वर्षानुवर्षांचं संघटन होतं. पण त्या चेहऱ्यांशिवाय ती आली असती असं मला वाटत नाही.

समाजमाध्यमांमुळे खरोखर सत्ता हलल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे. प्युर्तो रिको, जुलै २०१९.

पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ बेटावर आदळलं. बेटावरचे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले. फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कमधले नातेवाईक फेसबुकवर गावागावांचे ग्रुप काढून ‘अमुक वस्तीत कुणी आहे का, माझ्या वडिलांना बघून याल का’ असं विचारत राहिले. सरकारी मृतांचा आकडा कित्येक महिने ६४ वर अडकून होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने तो २,९७५ केला. ज्यांनी आपली माणसं गमावली होती त्यांच्या मनात ही आग होतीच.

१३ जुलै २०१९ रोजी तिथल्या शोधपत्रकारिता केंद्राने गव्हर्नर रिकार्दो रोसेयो आणि त्यांच्या जवळच्या मंडळींच्या टेलिग्राम ग्रुपवरची ८८९ पानं जशीच्या तशी प्रसिद्ध केली. त्यात स्त्रियांबद्दल, समलैंगिकांबद्दल घाणेरडी भाषा होती, आणि वादळातल्या मृतांवर केलेला विनोदही होता. तो दस्तऐवज फोनवरून फोनवर गेला. लोकांनी तो स्वतः वाचला, पानांचे फोटो काढून टाकले, मोठ्याने वाचून दाखवले. ‘रिकी, राजीनामा दे’ या अर्थाचा स्पॅनिश हॅशटॅग घराघरात पोचला. रे चार्ली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटरसायकलस्वाराने फेसबुक लाइव्हवरून हाक दिली आणि गरीब वसाहतींतून हजारो दुचाकी राजधानी सान हुआनकडे निघाल्या. रात्री आठ वाजता घराघरातून पातेली आणि झारे बडवले जात होते. रिकी मार्टिन, बॅड बनी, रेसिदेन्ते हे कलाकार रस्त्यावर उतरले. २२ जुलैला राजधानीतला महामार्ग लाखोंच्या गर्दीने भरून गेला.

२४ जुलैच्या रात्री, बाराच्या सुमारास, रोसेयो यांनी राजीनामा जाहीर केला, तोही फेसबुकवर व्हिडिओ टाकून. २ ऑगस्टला ते पायउतार झाले. पत्रकारांनी कागद मिळवले नसते तर हॅशटॅगला काही अर्थ नव्हता, आणि लोकांच्या फोनवर ते कागद पोचले नसते तर ते पडून राहिले असते. या दोन्ही गोष्टी सोबत सांगायला हव्यात.

टिकटॉक भारतात बंद आहे. तिथे लॅटिनो काय करतात, थोडं सांगाल का?

जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली, त्यामुळे हा भाग आपल्याला दिसतच नाही. नाच, गाणी, विनोद, पाककृती हे तर आहेच. जानेवारी २०२५ मध्ये बॅड बनीच्या एका नव्या गाण्यावर लोक आपल्या गेलेल्या आजी-आजोबांचे, सोडून आलेल्या घरांचे फोटो लावू लागले, आणि ती लाट प्युर्तो रिकोच्या कितीतरी बाहेर गेली.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो कार्लोस एदुआर्दो एस्पिना. जन्म उरुग्वेचा, वाढला टेक्सासमध्ये. कोविडमध्ये नागरिकत्व परीक्षेचे प्रत्यक्ष वर्ग बंद पडले तेव्हा तो टिकटॉकवर स्पॅनिशमधून त्याच परीक्षेचे प्रश्न समजावून सांगू लागला. त्या वेळच्या परीक्षेत शंभर प्रश्नांची यादी असे, अधिकारी त्यातले दहापर्यंत विचारी आणि सहा बरोबर आले की उमेदवार पास. दिवसभर बांधकामावर राबलेल्या माणसाला रात्री दोन मिनिटांत एक प्रश्न समजला, तर तीन-साडेतीन महिन्यांत तो तयार होतो. पुढे एस्पिना इमिग्रेशनच्या रोजच्या बातम्या सोप्या भाषेत सांगू लागला. त्याचे फॉलोअर एक कोटीच्या वर गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोतल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात तो व्यासपीठावरून बोलला. त्याची राजकीय बाजू उघड आहे, ती पटो न पटो. लोक त्याच्याकडे आधी आले ते मात्र परीक्षेसाठी.

शेतमजुरांची खाती एवढी का गाजतात?

सेसार चावेस आणि डोलोरेस ह्युएर्टा यांनी १९६२ मध्ये ज्या संघटनेची सुरुवात केली, ती आजची युनायटेड फार्म वर्कर्स. तिचं खातं मुद्दाम पाहावं असं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या सुमारास त्यांनी लोकांना विचारलं: तुमच्या ताटातला आवडता पदार्थ सांगा, त्यामागचं काम आम्ही सांगतो. लोक पदार्थ लिहीत गेले आणि संघटना एकेका घटकाच्या तोडणीचे, काढणीचे व्हिडिओ देत गेली. एरवीही त्यांच्या खात्यावर मुळ्याच्या जुड्या रबर लावून काही सेकंदांत बांधणारे हात दिसतात, वाकलेल्या पाठी दिसतात. वणव्यांच्या दिवसांत धुराने नारिंगी झालेल्या आभाळाखाली तोडणी करणारी माणसं दिसतात.

यात दयेची मागणी नसते. कौशल्य दिसतं, वेग दिसतो, आणि मग मजुरी किती मिळते ते कळतं. ज्या कामाला ‘अकुशल’ म्हटलं जातं ते स्वतः करून बघा, हे त्या व्हिडिओला सांगावं लागत नाही. शेतीच्या कामाचं समाजमाध्यमांवर इतकं प्रामाणिक चित्रण मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

बातम्यांसाठी ते टीव्ही सोडून फोनकडे गेले आहेत का?

बरेच. युनिव्हिजन आणि तेलेमुंदो या दोन स्पॅनिश वाहिन्या अजून मोठ्या आहेत, पण १९८६ पासून युनिव्हिजनच्या बातम्यांचा चेहरा असलेले होर्हे रामोस डिसेंबर २०२४ मध्ये तिथून बाहेर पडले आणि पुढे स्वतःचा डिजिटल कार्यक्रम करू लागले, यावरून वारा कळतो.

लहान प्रयोग अधिक शिकवणारे आहेत. पत्रकार मारित्सा फेलिक्स यांनी २०२० मध्ये कोविडच्या गोंधळात ‘कोनेक्ता अ‍ॅरिझोना’ सुरू केलं, तेही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. सीमेच्या दोन्ही बाजूंचे, अ‍ॅरिझोनातले आणि मेक्सिकोच्या सोनोरातले लोक त्यात होते. सीमा खुली आहे का, लस कुठे मिळेल, हा उपाय खरा का, असे प्रश्न लोक विचारायचे आणि पत्रकार शोधून उत्तर द्यायच्या. ‘कॉफीची वेळ’ असं त्या गप्पांच्या तासाचं नाव. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जणच मावत. न्यूयॉर्कमध्ये ‘डॉक्युमेंटेड’ हे वृत्तसंकेतस्थळ व्हॉट्सअ‍ॅपवर स्पॅनिश वार्तापत्र पाठवतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधलं ‘एल तिंपानो’ साध्या एसएमएसवरून लोकांचे प्रश्न घेतं. लोकांना आपल्या वेबसाइटवर ओढून आणण्याऐवजी लोक जिथे आहेत तिथे जायचं, हे या तिघांनी केलं.

अफवांचं प्रमाणही तितकंच असेल ना?

हो, आणि त्याची झळ खरी आहे. बंद ग्रुपमध्ये काय फिरतं ते बाहेरच्याला दिसत नाही. व्हॉइस नोट शोधयंत्रात सापडत नाही. काकांनी पाठवलं म्हणजे खरंच असणार, हा विश्वास आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. त्यात इंग्रजीतला खोटा मजकूर पकडायला कंपन्यांनी जेवढी माणसं आणि यंत्रणा लावली, तेवढी स्पॅनिशसाठी लावली नाही, अशी तक्रार लॅटिनो संघटना २०२० पासून सातत्याने करत आल्या आहेत. मला ती रास्त वाटते. जाहिरातीचे पैसे स्पॅनिशमधून घ्यायचे आणि राखण मात्र इंग्रजीचीच करायची, हे चालू देता कामा नये.

फ्लोरिडात अफवांना इतिहासाची धार मिळते. क्युबा किंवा व्हेनेझुएलातून सगळं सोडून आलेल्या माणसाला ‘इथेही तसलीच राजवट येणार’ असं सांगितलं की तो घाबरतो, कारण त्याने ते भोगलेलं असतं. आणखी क्रूर प्रकार म्हणजे वकील असल्याची बतावणी करून फेसबुकवर ‘कागद करून देतो’ म्हणणारे ठग. यात पैसे जातातच, पण चुकीचा अर्ज दाखल झाला तर देशाबाहेर जाण्याचीही वेळ येते.

उपाय समाजातूनच आले आहेत. युनिव्हिजनचा ‘एल देतेक्तोर’ विभाग आणि २०२२ मध्ये स्पेन व अर्जेंटिनातल्या तथ्यतपासणी संस्थांनी मिळून सुरू केलेलं ‘फॅक्टचेकेआदो’ हे काम स्पॅनिशमध्ये करतात. लोक संशयास्पद मेसेज त्यांना पाठवू शकतात.

निवडणुकीवर किती परिणाम?

२०२४ मध्ये मताधिकार असलेले लॅटिनो सुमारे ३ कोटी ६२ लाख होते. प्यूच्या विश्लेषणात २०२० मध्ये बायडन यांना त्यांची ६१ टक्के आणि ट्रम्प यांना ३६ टक्के मतं होती. २०२४ मध्ये हॅरिस ५१, ट्रम्प ४८. एवढा मोठा बदल व्हिडिओंमुळे झाला असं म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. महागाई, घरभाडं, नोकरी यांनी तो घडवला. फोनने त्या नाराजीला शब्द आणि सोबत दिली.

२०२५च्या धरपकडीत समाजमाध्यमांनी मदत केली की धोका वाढवला?

दोन्ही. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कागदपत्रं नसलेल्यांना पकडण्यासाठी सरकारी छापे सुरू झाले तेव्हा कुठल्या चौकात गाड्या आल्या आहेत हे लोक इन्स्टाग्रामवरून कळवत होते आणि अटकेचे व्हिडिओ काढत होते. त्या व्हिडिओंमुळे कित्येक कुटुंबांना आपलं माणूस कुठे गेलं याचा पहिला धागा मिळाला. पण चुकीची एक सूचना फिरली तरी बाजार ओस पडायचा, मुलं शाळेत जायची नाहीत. जबाबदार गट म्हणूनच जागा, वेळ आणि प्रत्यक्ष कुणी पाहिलं हे तपासल्याशिवाय सूचना पुढे पाठवत नाहीत.

सरकारही वाचतं, हे विसरू नये. मे २०१९ पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या जवळजवळ सगळ्या अर्जांत मागच्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. पुण्या-नाशिकहून शिकायला जाणाऱ्या मुलांनाही हाच नियम लागू आहे.

कंपन्यांना यात काय दिसतं?

बाजार. मितू (२०१२) आणि त्याआधीचं रेमेस्क्ला यांसारख्या लॅटिनो माध्यमसंस्था त्यातूनच उभ्या राहिल्या आणि त्यांनी चांगलं कामही केलं. मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या हिस्पॅनिक वारसा महिन्यापुरती स्पॅनिश वापरणाऱ्या ब्रँडना लोक आता त्याच माध्यमांवर जाब विचारतात, आणि तो विचारावाच.

मला स्पॅनिश येत नाही. सुरुवात कुठून करू?

मारिया हिनोहोसा यांचा ‘लॅटिनो यूएसए’ हा कार्यक्रम १९९३ पासून इंग्रजीत चालू आहे आणि पॉडकास्ट म्हणून मोफत ऐकता येतो. शेतमजूर संघटनेचं खातं बहुतांशी इंग्रजीत आहे. प्यूचे अहवालही इंग्रजीत आहेत. स्पॅनिश व्हिडिओ बघायचे तर आपोआप येणाऱ्या भाषांतरित कॅप्शनवर पूर्ण विसंबू नका. प्युर्तो रिकन आणि मेक्सिकन बोलींत ती सहज घसरतात, आणि थट्टा गंभीर वाटते किंवा गंभीर गोष्ट थट्टा. मूळ भाषांतल्या मजकुराला तर बहुतेक वेळा कॅप्शनच नसते. अमेरिकेत राहत असाल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. बऱ्याच ठिकाणी स्पॅनिश संभाषणाचे वर्ग मोफत असतात.